मोंबासा: वसईच्या जहाजाचा शेवटचा मुक्काम

‘सांतो अँतोनियो दि तान्ना’ हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते वसई किल्ल्यातल्या एका इतिहास-फेरीत. हे पन्नास तोफांचं पोर्तुगीज लढाऊ जहाज १६८१ साली वसईत बांधलं गेलं आणि १६९७ साली पूर्व आफ्रिकेत, केनियातल्या मोंबासाच्या किल्ल्याखाली बुडालं. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठाण्याला ‘तान्ना’ म्हणत. वसईत जन्मलेलं आणि ठाण्याचं नाव मिरवणारं जहाज समुद्रापलीकडे तळाशी पडून आहे, हे कळल्यापासून ती जागा बघायची असं माझ्या मनाने घेतलं होतं. नाशिकला राहणाऱ्या ताईला सांगितलं, तर ती लगेच तयार झाली. नाशिकचाही मोंबासाशी तितकाच जवळचा धागा आहे, हे तेव्हा आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

केनियाला जाणारी आपली बहुतेक माणसं मसाई मारा बघतात आणि नैरोबीहून परततात. मोंबासाला कुणी गेलंच, तर विमानतळावरून थेट दियानीच्या किनाऱ्यावर जातं. शहराच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. आम्ही उलट केलं. सगळा वेळ शहराला आणि त्याच्या आसपासच्या जागांना दिला.

तयारीत सर्वांत आधी हाती घ्यावी ती पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तिथे नंबर लावावा लागतो आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. म्हणून तिकीट काढलं की पहिला फोन या केंद्राला करावा. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. व्हिसाच्या जागी जानेवारी २०२४ पासून ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी आली आहे. पासपोर्ट, फोटो, तिकीट आणि राहण्याच्या जागेचं बुकिंग एवढं हाताशी असलं की अर्ज भरून होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरून न्यावेत.

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. एप्रिल-मे हे तिथल्या मोठ्या पावसाचे महिने, ते टाळावेत. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून ‘कुसी’ वारा वाहत असतो, हवा आपल्या कोकणातल्या डिसेंबरइतकी सुसह्य असते. नोव्हेंबर ते मार्च वारा उलटा, ईशान्येकडून येतो. तो ‘कस्काझी’. शेकडो वर्षं कस्काझीबरोबर गुजरात-कोकणातली आणि अरबस्तानातली गलबतं इथे येत, माल उतरवून कुसीची वाट बघत थांबत आणि मग त्याच्या जोरावर घरी परतत. हे वाऱ्याचं वेळापत्रक नीट समजून घेतलं की मोंबासात आपल्याकडच्या एवढ्या खुणा का, हा प्रश्न पडत नाही.

नैरोबीहून मोंबासाला विमानाने तासाभरात पोचता येतं, पण आगगाडीनेच जावं. मदारका एक्स्प्रेस २०१७ साली सुरू झाली. अंतर सुमारे ४८० किलोमीटर. नैरोबीचं नवं स्थानक शहराबाहेर आहे आणि तिथली तपासणी सावकाश चालते. सगळ्यांनी आपापलं सामान एका रांगेत जमिनीवर ठेवून मागे उभं राहायचं, मग वास घेणारे कुत्रे त्या रांगेवरून फिरवतात. त्यासाठी गाडीच्या किमान तासभर आधी पोचावं. सकाळची गाडी मधल्या स्थानकांवर थांबत जाते आणि दुपारी मोंबासाला लागते. खिडकी मिळेल असं बघा. त्सावोच्या रानातून गाडी जाते तेव्हा लाल मातीत लोळून विटकरी झालेले हत्ती रुळांपासून काही अंतरावर दिसतात. आम्हाला एक कळप दिसला, अगदी लहान पिल्लांसकट. सगळा डबा एका बाजूला झाला.

नव्या मार्गाच्या जवळूनच जुना ब्रिटिश लोहमार्ग जातो. त्याचं काम मोंबासाहून १८९६ साली सुरू झालं आणि १९०१ साली रूळ व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचले. त्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले होते. त्यांतले बहुतेक पंजाबातले. सुमारे २,५०० जण काम करतानाच आजाराने आणि अपघातांनी गेले. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलाच्या कामावर सिंहांनी मारलेली बरीच माणसं त्यांच्यातलीच. त्या सिंहांच्या कथा जगभर गाजल्या, मजुरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्सावो स्टेशन मागे पडलं तेव्हा ताईने हात जोडले.

मोंबासा हे मूळ शहर बेटावर आहे. दोन्ही बाजूंनी खाड्या, मधे शहर. मुक्कामासाठी आम्ही जुन्या शहराला लागून असलेली जागा निवडली, आणि जे बघण्यासाठी जाणार त्यांनी तेच करावं असं मला वाटतं. किनाऱ्यावरची हॉटेलं सुंदर आहेत, पण तिथून रोज गर्दीतून येण्याजाण्यात दिवस जातो. पोचल्यावर पासपोर्ट दाखवून मोबाईलचं सिम घेतलं आणि त्यावर एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे देण्याची सोय, सुरू करून घेतलं. तिथे रिक्षापासून शहाळ्यापर्यंत सगळे व्यवहार त्यावर चालतात. रिक्षा म्हणजे आपल्याच बनावटीची तीनचाकी, तिला ‘टुकटुक’ म्हणतात. भाडं बसण्याआधी ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या वेळेला आम्ही फोर्ट जीझसला, म्हणजे मोंबासाच्या त्या पोर्तुगीज किल्ल्याला, हजर होतो. केनियाबाहेरच्या माणसांना तिकीट जास्त पडतं आणि पैसे फोनवरून किंवा कार्डाने भरावे लागतात. दारात ओळखपत्र लावलेले वाटाडे असतात. आम्ही त्यांतला एक पन्नाशीचा गृहस्थ निवडला. त्याने ताईचे पांढरे केस बघून थोडं वाकून ‘शिकामू’ म्हटलं. वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार करायची ही तिथली रीत. ‘मराहबा’ असं उत्तर द्यायचं, हेही त्यानेच शिकवलं. पुढे जिथे जिथे आम्ही वयस्कांना आधी शिकामू म्हटलं, तिथे तिथे माणसं बसायला जागा करून देत होती.

किल्ल्याचं काम १५९३ साली सुरू झालं आणि मुख्य भाग १५९६ पर्यंत उभा राहिला. आराखडा जोव्हान्नी बत्तिस्ता कायराती या मिलानच्या वास्तुकाराचा. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या मुलखाचा तो मुख्य वास्तुकार होता आणि वसई-दमणच्या तटबंद्यांशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. १५९६ साली तो गोव्यात वारला. मोंबासाचा कारभारही गोव्यातूनच चाले. हुकूम, पगार, दारूगोळा, कैदी आणि पाद्री सगळं मांडवीच्या काठावरून यायचं. वसईच्या कुणालाही फोर्ट जीझसच्या बुरुजावर उभं राहिल्यावर पायाखालची वळणं ओळखीची वाटतील. बाहेर भाल्याच्या टोकासारखे निघालेले कोन, खालून येणाऱ्याला दोन बाजूंनी मारता येईल अशी रचना. फरक दगडात आहे. इथला तट समुद्रातल्याच प्रवाळाच्या खडकावर उभा आहे आणि प्रवाळाच्याच दगडाने बांधलेला आहे. जवळून बघितलं की चिऱ्यात शिंपले आणि पोवळ्यांच्या जाळ्या दिसतात. हात लावला तर खरखरीत लागतात.

वाटाड्याने सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. मोंबासाच्या सुलतानाचा मुलगा युसुफ. बापाचा खून झाल्यावर त्या पोराला पोर्तुगीजांनी गोव्याला नेलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांकडे वाढवलं, बाप्तिस्मा दिला आणि दॉम जेरोनिमो असं नाव ठेवलं. १६२६ साली त्याला राजा म्हणून परत आणून बसवलं. पण किल्ल्यातल्या कप्तानाकडून त्याचा अपमान होत राहिला. ऑगस्ट १६३१ मध्ये तो माणसं घेऊन किल्ल्यात शिरला, कप्तानाला मारलं, पुन्हा इस्लाम स्वीकारला आणि ख्रिस्ती होऊन राहिलेल्यांची सरसकट कत्तल केली. पुढच्या वर्षी किल्ला सोडून तो समुद्रावर निघून गेला. पोरवयात घरापासून तोडून गोव्यात वाढवलेल्या माणसाच्या मनात काय साठलं असेल, आणि त्याच्या हातून मेलेल्या निरपराधांचं काय, यावर आम्ही तटाच्या सावलीत बराच वेळ बोलत बसलो. वाटाडा म्हणाला, “मामा, इथे अजून माणसं याच गोष्टीवर भांडतात.” तिकडे आमच्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात.

मग वेढ्याची गोष्ट. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला आणि तो डिसेंबर १६९८ पर्यंत, पावणेतीन वर्षं चालला. आत पोर्तुगीज शिपाई, त्यांच्याशी एकनिष्ठ राहिलेली स्वाहिली, म्हणजे त्याच किनाऱ्यावरची माणसं, बायका, पोरं. त्यांच्यात साथ पसरली. गोव्याहून मदतीची जहाजं येत, काही माणसं उतरवत आणि जात. आमची ‘सांतो अँतोनियो’ त्याच मदतीत दोनदा आली. दुसऱ्या खेपेला, १६९७ च्या शरदात, किल्ल्याखाली नांगरलेली असताना तिचे दोर तुटले, ती खडकावर गेली, सुकाणू निकामी झालं आणि ऑक्टोबरमध्ये ती तळाशी गेली. डिसेंबर १६९८ मध्ये अरब आत शिरले तेव्हा लढण्यासारखी मोजकीच माणसं उरली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गोव्याचं पुढचं आरमार आलं. किल्ल्यावर परका झेंडा बघून ते निघून गेलं.

हे ऐकत आम्ही समुद्राकडच्या बाजूला गेलो. वाटाड्याने हात करून जागा दाखवली. तटापासून हाकेच्या अंतरावर निळंहिरवं पाणी, एक लहान होडी, दुसरं काही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं, हजारो वस्तू वर काढल्या आणि लाकडी सांगाडा मोजून-रेखाटून पुन्हा गाळाखाली झाकून ठेवला, कारण पाण्याबाहेर तो टिकला नसता. म्हणजे वसईच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्या अजून तिथेच आहेत. त्या सुतारांची नावं कुठेही नाहीत. माझ्या माहेरच्या आळीत अजून होड्या बांधल्या जातात, त्यामुळे मला ती माणसं परकी वाटेनात. ताईने पर्समधून एक सुकं बकुळीचं फूल काढून तटावरून खाली सोडलं.

वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत: चिनी पोर्सिलेन, मोठाले रांजण, जहाजावरच्या नेहमीच्या वापरातलं सामान. माहितीच्या फलकांवरचा मजकूर बरा आहे, पण दिवे मंद आणि काही कपाटांवर धूळ होती. या वस्तूंना याहून चांगली मांडणी मिळायला हवी, आणि वसईत त्यांच्याबद्दल निदान एक फलक तरी हवा. त्याच आवारात पोर्तुगीज पहारेकऱ्यांनी कोळशाने आणि गेरूने भिंतीवर काढलेली चित्रं जपलेली आहेत. जहाजं, मासे, चर्च, माणसं. घरापासून लांब अडकलेल्या, कंटाळलेल्या पोरांचे हात त्या रेघांत दिसतात. तिथे घाई करू नका.

१७२८ साली पोर्तुगीजांनी किल्ला परत घेतला आणि पुढच्याच वर्षी कायमचा गमावला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली. दहा वर्षांच्या अंतराने समुद्राच्या दोन्ही काठांवर तीच सत्ता मागे हटली. ब्रिटिशांनी इथे १८९५ पासून तुरुंग चालवला, १९५८ मध्ये तो हलवला, आणि २०११ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आला. दुपारी ओहोटीला आम्ही पुन्हा आलो, बाहेरच्या बाजूने खाली उतरून. इथल्या भरती-ओहोटीत तीनेक मीटरचा फरक पडतो. पाणी ओसरल्यावर तट ज्या प्रवाळावर बसला आहे तो उघडा पडतो, आणि खडक कुठे संपतो, बांधकाम कुठे सुरू होतं ते नेमकं दिसतं. ही भेट चुकवू नये. भरतीच्या वेळा कोणीही कोळी सांगतो.

किल्ल्याच्या दारातूनच जुनं शहर सुरू होतं. त्याची मुख्य गल्ली ‘न्दिया कू’. इथे सकाळी नऊच्या आत किंवा दुपारच्या नमाजानंतर ऊन उतरल्यावर फिरावं. घरं प्रवाळाच्या दगडाची, चुन्याच्या गिलाव्याची, छतांना तिवराचे वासे. वरच्या मजल्याला कोरीव लाकडी सज्जे, आणि ते गुजराती सुतारांच्या हातचे आहेत हे कच्छ-सौराष्ट्र पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दारांवर साखळी, कमळ, वेली. प्रत्येक घरासमोर दगडी ओटा असतो, त्याला ‘बराझा’ म्हणतात. संध्याकाळी पुरुष तिथे बसून कॉफी पितात. पितळी उंच किटलीतून, निखाऱ्यावर गरम ठेवलेली, आल्याची कडक काळी कॉफी, कानाशिवायच्या इवल्या कपात. बरोबर हलव्याचा तुकडा. बायकांसाठी तसा बराझा नाही, पण दोन वयस्क पाहुण्या म्हणून आम्हाला सरकून जागा मिळाली.

मांध्री मशीद १५७० ची सांगतात. तिचा निमुळता पांढरा मिनार गल्लीच्या वळणावरून अचानक समोर येतो. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघावं. डोकं-खांदे झाकलेले असले की सगळीकडे बरं पडतं. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. जुन्या बंदरात एक-दोन शिडाची गलबतं होती. मोठा व्यापार कधीच बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या किलिंदिनी बंदरात गेला आहे. इथे गोदामांच्या दारांना कुलपं आहेत, कोळ्यांचा बाजार मात्र जोरात. सुरमईचा भाव विचारून ताईने वसईच्या भावाशी ताडून पाहिला.

मसाल्याच्या बाजाराला लोक ‘मारिकिती’ म्हणतात, जुनं नाव मॅकिनन मार्केट. हा विल्यम मॅकिनन म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा संस्थापक, जिच्या बोटींनी मुंबईहून हजारो गुजराती, पंजाबी, गोवेकर कुटुंबं इथे उतरली. वेलची, मिरी, दालचिनी, तयार पिलाव मसाला. दुकानदार हाक मारून मारून चव घ्यायला लावतात. ‘माबुयू’ नक्की घ्या: गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेच्या पाकात घोळवलेल्या, आंबटगोड. गोरखचिंचेचे ते प्रचंड बुंधे मोंबासाभर आहेत, आणि वसई किल्ल्याच्या परिसरातही आहेत. आफ्रिकेशी झालेल्या दळणवळणातच हे झाड आपल्या किनाऱ्यावर आलं असं सांगतात.

लांगोनी रस्त्यावरचं जैन मंदिर १९६३ सालचं आहे. पांढरा संगमरवर, शिखर, दारात दोन बाजूंना हत्ती. पुजाऱ्याशी ताई गुजरातीत बोलली. तिथून मोई अव्हेन्यूवरचे हस्तिदंताच्या आकाराचे धातूचे मोठे कमानदार सुळे चालत जाऊन बघता येतात. १९५० च्या दशकात ब्रिटिश राजघराण्याच्या भेटींसाठी उभारले. सगळे तिथे फोटो काढतात. आम्हीही काढला आणि पुढे गेलो.

खाण्यासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. सकाळी ‘महामरी’, वेलची घातलेली पोकळ तळलेली पुरी, आणि तिच्याबरोबर नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, त्याला ‘म्बाझी’ म्हणतात. आपल्याकडे ओल्या तुरीची आमटी होते, पण दाणे असे दाट रसात मुरलेले मी प्रथमच खाल्ले. दुपारी नारळाच्या दुधातला भात आणि ‘समाकी वा कुपाका’: विस्तवावर भाजलेला मासा, वर नारळाचं दाट वाटण चोपडलेलं. ज्या खाणावळीत आम्ही जेवलो तिथल्या बाईने मागे नेऊन स्वयंपाक दाखवला. नारळ खवायला ती ज्यावर बसली होती ते लाकडी, पुढे दातेरी पातं असलेलं बैठं साधन आमच्या आजीच्या खवणीचं जुळं भावंड होतं. ताईने तिला उठवून स्वतः अर्धा नारळ खवून दिला. भाषा एकमेकींना येत नव्हती, तरी तासभर गप्पा झाल्या. संध्याकाळी मामा न्गिना किनारपट्टीवर गोरखचिंचेखाली बसून शहाळं आणि तिखटमीठ-लिंबू मारलेले कसाव्याचे काप. सगळं शहर, मुलाबाळांसकट, तिथे येतं.

आता नाशिकची गोष्ट. किल्ल्यातल्या वाटाड्याने आम्ही कुठून आलो ते विचारलं होतं. ताईने नाशिक म्हटल्यावर तो थबकला आणि म्हणाला, मग तुम्ही फ्रीरटाऊनला गेलंच पाहिजे. बेटावरून न्यालीच्या पुलाने पलीकडे गेलं की रस्त्याच्या कडेला एका चौथऱ्यावर जुनी घंटा टांगलेली दिसते. त्या भागाला घंटेवरूनच ‘केंगेलेनी’ म्हणतात. फ्रीरटाऊन वसलं १८७५ साली, गुलामगिरीतून सोडवलेल्या माणसांसाठी. नाव सर बार्टल फ्रीअरचं, जो १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर होता आणि ज्याने १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा बाजार बंद करण्याची बोलणी केली. गुलाम पकडणारे आले तर इशारा द्यायला ही घंटा वाजवत.

तिथे वस्ती करणारी पहिली माणसं कोण होती? हिंदी महासागरात ब्रिटिश नौदलाने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात. त्यांतल्या अनेकांना नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात ठेवलं, लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. मोठी झाल्यावर त्यांतली काही जण, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांच्यासारखी, १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला आली, आणि फ्रीरटाऊन वसताना आणखी कितीतरी आली. इथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, सुतार, पुढे धर्मोपदेशक म्हणून त्यांनी हे गाव उभं केलं. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश प्रवासी आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचं १८७३ साली खंडाच्या आतल्या भागात, आताच्या झांबियात निधन झालं, तेव्हा त्याच्या शवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हाही नाशिकच्याच शाळेतला.

ताई गेली कित्येक वर्षं शरणपूर रोडजवळ राहते. भाजीला, बँकेत, नातवाला शाळेत सोडायला त्याच रस्त्याने जाते. तिने घंटेच्या चौथऱ्यावर हात ठेवला आणि तिला रडू आवरेना. आपल्या आयाबापांपासून तोडलेली, गलबताच्या तळाशी कोंबलेली पोरं तिच्या रोजच्या रस्त्यावर वाढली, गोदावरीचं पाणी प्यायली, कदाचित मराठी बोलली, आणि मग अर्धं आयुष्य गेल्यावर इथे परतली; परतली ती आपल्या गावात नाही, पण आपल्या किनाऱ्यावर. शेजारच्या चर्चमधली एक वयस्क बाई आली. ताईने तिला शिकामू म्हटलं आणि फोनवर शरणपूरच्या चर्चचा फोटो दाखवला. त्या बाईने हाका मारून आणखी चौघांना बोलावलं. तिच्या पणजोबांच्या पिढीत कुणीतरी ‘बॉम्बे’हून आलेलं होतं, एवढं तिला घरातून ठाऊक होतं. गावाचं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं. मग दोघींनी नंबर घेतले, आणि ताई आता शरणपूरच्या जुन्या नोंदींचा शोध घेते आहे.

आपल्याकडे जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास थोडाफार शिकवतात. शरणपूरच्या या मुलांबद्दल मात्र नाशिकच्या शाळांत एक ओळ शिकवल्याचं मी ऐकलेलं नाही. ती शिकवायला हवी. मोंबासाला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने फ्रीरटाऊनला जावं, आणि जमलं तर राबाईलाही. तिथलं जुनं चर्च आणि लहानसं संग्रहालय गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे.

शेवटच्या टप्प्यात आम्ही उत्तरेला गेदीला गेलो. सुमारे शंभर किलोमीटर. गाडी दिवसभरासाठी ठरवावी. वाटेत बांबुरीचं हॅलर पार्क लागतं. सिमेंटसाठी खणून ओसाड केलेल्या चुनखडीच्या खाणीत १९७१ पासून रेने हॅलर यांनी सुरूची झाडं लावली, सुरूची सुयांसारखी पानं कुजवायला गोमेसारखे तांबड्या पायांचे किडे सोडले, त्यातून माती तयार केली आणि रान वाढवलं. आज तिथे जिराफ हिंडतात. कोकणात चिऱ्याच्या खाणी खणून तशाच टाकून देणाऱ्यांनी हे येऊन बघायला हवं.

गेदी हे दाट रानात हरवलेलं स्वाहिली शहर. मोठी मशीद, राजवाडा, घरं, विहिरी, आणि एका थडग्यावर कोरलेलं १३९९ या इसवी सनाशी जुळणारं हिजरी वर्ष. मिंग काळातली चिनी भांडी इथे सापडली, भारतातल्या वस्तूही. विहिरी पुन्हा पुन्हा खोल केल्याच्या खुणा आहेत, म्हणजे पाणी आटत चाललं असावं. सतराव्या शतकात वस्ती उठली. २०२४ मध्ये गेदी जागतिक वारसा यादीत गेलं, तरीही आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर माकडं होती आणि माणसं फारच कमी. गेदीचं उत्खनन ज्या जेम्स कर्कमन यांनी केलं, त्यांनीच फोर्ट जीझसचंही केलं, म्हणून आधी किल्ल्यातलं संग्रहालय आणि मग गेदी हा क्रम चांगला. गेदीत सापडलेल्या कितीतरी वस्तू किल्ल्यात बघून झालेल्या असतात आणि मग त्या कोणत्या खोलीतल्या, कोणत्या विहिरीतल्या, हे जागेवर समजतं. दुपारचं ऊन टाळायला सकाळी सहाला निघावं. मच्छर फार आहेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. परतताना उजेड असेल तर किलिफीच्या पुलाजवळ गाडी थांबवून खाडीकाठी जेवून घ्यावं, तिथला ताजा मासा मोंबासाहूनही स्वस्त मिळतो.